पावलांची साक्ष

मेरू मॉल उघडून महिनाही झाला नव्हता, तोवर ‘जाऊन आलात का?’ हा प्रश्न नाशकात ‘जेवलात का?’ इतका सवयीचा झाला होता. आडगावच्या पुढे, महामार्गाला लागून, जिथे कालपरवापर्यंत द्राक्षांचे मांडव होते, तिथं तो उभा राहिला होता. आतून इतका मोठा, की एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला ओळखू येऊ नये. जाहिरातीत मात्र एकच ओळ होती : ‘इथं कुणी हरवत नाही.’

हेमांगी खैरनारला तिथं जायची काडीचीही हौस नव्हती. सातपूर कॉलनीत तिचं औषधांचं दुकान होतं. लग्नानंतर हट्टानं उघडलेलं, स्वतःच्या फार्मसीच्या पदवीवर चालवलेलं. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून मुदत संपत आलेली औषधं वेगळी काढणं, हा तिचा विसावा. पण त्या रविवारी मुलगी पुण्याहून आली होती, आणि केतकीनं एकदा मनावर घेतलं की तिच्यापुढे कुणाचं चालत नसे.

“आई, तुझी औषधं कुठे पळून जात नाहीत. ऊठ.”

तिचा नवरा नंदकिशोर तर सकाळपासूनच तयार होता. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेला हा माणूस पासष्टीतही काठीसारखा सरळ होता. रोज पहाटे जॉगिंग ट्रॅकवर चालायला जायचा, आणि त्याच्या चालीवर घड्याळ लावून घ्यावं असं सोबतचे लोक म्हणायचे. मॉलच्या फाटकात त्याच्या फोनवर विचारणा आली : कुटुंबासाठी मोफत पार्किंग, अटी मान्य आहेत? त्यानं न वाचता ‘हो’ दाबलं. कॅमेऱ्यानं तिघांचे चेहरे टिपले आणि दांडा वर गेला.

आत शिरल्याशिरल्या केतकीनं आईला सँडल घेतल्या. “आत्ताच घाल, जुन्या पिशवीत टाक,” म्हणाली. नव्या सँडलचा पट्टा डाव्या करंगळीला कापत होता, पण मुलीनं हौसेनं घेतलेली वस्तू, हेमांगी गप्प राहिली. पर्सही केतकीनंच खांद्याला अडकवली. मग बापलेक टीव्ही बघायला निघाले. हेमांगीला टीव्हीत रस नव्हता.

“तू असं कर,” नंदकिशोर म्हणाला, “कारंज्यापाशी थांब. आम्ही वीस मिनिटांत येतो.”

ती कारंज्यापाशी थांबली. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. फोन पर्समध्ये, पर्स केतकीपाशी. ती वर टीव्हीच्या दुकानात गेली, तिथं दोघं नव्हते. आपली चुकामूक झाली असेल म्हणून परत कारंज्याशी आली. मग दुसऱ्या बाजूला कपड्यांची दुकानं बघून आली. पुन्हा कारंजं. पाय दुखत होता, जीव टांगणीला लागला होता. तिसऱ्यांदा परत येताना तिच्या पावलांपुढची फरशी अचानक निळी उजळली. त्यावर बाण होता, आणि मराठीत अक्षरं होती : ‘हेमांगीताई, या बाजूने.’

ती दचकली. बाणामागे चालत गेली तर खाण्याच्या दालनात बापलेक डोसा खात बसलेले.

“अगं, होतीस कुठे तू?” नंदकिशोरनं विचारलं. “इथं भेटायचं ठरलं होतं ना?”

“तुम्ही कारंज्यापाशी थांब म्हणालात.”

“मी? मी फूडकोर्ट म्हटलं. केतकी, काय म्हटलं मी?”

“मी नाही बाई ऐकलं. मी फोनवर होते.”

“अहो, कारंजं म्हणालात. ‘तू असं कर, कारंज्यापाशी थांब.’ हे शब्द तुमचे.”

“बरं बाई, माझे,” तो हसला. इतक्यात त्याचा फोन वाजला. त्यानं चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि हसू मावळलं. त्यानं फोन केतकीकडे सरकवला, बायकोकडे नाही. केतकीनं वाचलं आणि आईकडे असं पाहिलं, जसं तापानं फणफणलेल्या मुलाकडे पाहतात.

मॉलच्या ‘सोबती’ कक्षाकडून निरोप होता. आपल्यासोबतच्या एका व्यक्तीला मदतीची गरज असू शकते. कृपया पहिल्या मजल्यावर भेटा.

सोबती कक्षात शर्वरी नावाची तरुण अधिकारी होती. आवाज मऊ. तिनं पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि सगळं नंदकिशोरला समजावून सांगितलं. हेमांगी शेजारीच बसली होती.

मेरूच्या फरशीखाली दाब ओळखणाऱ्या पातळ चकत्यांचं जाळं होतं. पाऊल कधी टेकलं, किती जोरानं, टाच आधी की चवडा, पुढचं पाऊल किती वेळानं पडलं, हे सगळं त्या टिपत. मुळात हे केलं होतं गर्दीचा अंदाज यावा म्हणून. पण वैद्यकशास्त्राला एक गोष्ट बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होती. आपण चालतो तेव्हा पाय चालतात असं वाटतं, खरं तर मेंदू चालत असतो. निरोगी माणसाची पावलं बोलताना, विचार करताना, दुकानं बघतानाही बऱ्यापैकी एका तालात पडतात. स्मृतिभ्रंशाचा आजार आत घर करू लागला की हा ताल मोडतो, आणि कधी कधी तो विसरण्याच्या कितीतरी आधी मोडतो. शिवाय मेंदूच्या ज्या कोपऱ्यात आपण कुठे आहोत याचा नकाशा असतो, तिथंच हा आजार बहुधा पहिल्यांदा बसतो. मग माणूस वळणावर घुटमळतो, फिरून फिरून त्याच जागी येतो. हजारो रुग्णांची पावलं यंत्राला शिकवली होती. आता ते नवी पावलं वाचत होतं.

“मॅडमच्या पावलांतलं अंतर खूप कमीजास्त आहे,” शर्वरी म्हणाली. “आणि त्या तीन वेळा एकाच जागी परत आल्या. हे निदान नाही, सर. नुसती सूचना आहे. पण लवकर कळलं की कुटुंबाला तयारी करता येते.”

“सँडल नवीन आहेत,” हेमांगी म्हणाली. “करंगळी सोलली आहे, दाखवू? आणि मी परत आले, कारण मला तिथं थांबायला सांगितलं होतं.”

शर्वरीनं मान हलवली. त्या मान हलवण्यात इतकी माया होती, की हेमांगीच्या अंगावर काटा आला. अशी मान ती स्वतःच दुकानात हलवत असे, समोरचा बरळतोय हे कळल्यावर.

“सर, पालक म्हणून आपली नोंद करू? म्हणजे मॅडमना इथं काही अडचण आली तर निरोप तुम्हाला येईल. मोफत आहे.”

“करा की,” नंदकिशोर म्हणाला. “त्यात काय जातंय?”

खाली उतरल्यावर हेमांगीनं केतकीसाठी एक कुर्ता घेतला. पैसे देताना पडद्यावर आलं : ‘मंजुरीची वाट पाहत आहोत.’ शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याच्या खिशात फोन वाजला.



न्यूरॉलॉजिस्ट डॉक्टर तांबट हेमांगीला ओळखत होते, त्यांच्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षं तिच्या दुकानात येत. त्यांनी तिच्याकडून कागदावर घड्याळाचं चित्र काढून घेतलं, शब्द पाठ करून घेतले, शंभरातून सात वजा करत खाली आणलं, मेंदूचं स्कॅन केलं. सगळं व्यवस्थित होतं. मग त्यांनी कागद ओढला आणि नवराबायकोला हिशोब मांडून दाखवला.

“साठीच्या आसपासची हजार माणसं घ्या. त्यातल्या फार तर वीस जणांना हा आजार सुरू झालेला असेल. यंत्र दहात नऊ वेळा बरोबर असतं असं कंपनी म्हणते, आपण खरं मानू. म्हणजे त्या वीसातले अठरा सापडतील. पण उरले नऊशे ऐंशी निरोगी. त्यांच्यातही दहातल्या एकावर ते चुकून बोट ठेवणार. म्हणजे अठ्ठ्याण्णव. एकूण बोट ठेवलं एकशे सोळा जणांवर. त्यातले खरे आजारी किती? अठरा. बाकीचे ठणठणीत. वहिनी बहुधा त्या अठ्ठ्याण्णवांत आहेत.”

“बहुधा,” नंदकिशोर म्हणाला.

“आज तरी काही नाही.”

“आज तरी,” नंदकिशोर म्हणाला.

हेमांगीनं कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. घरी आल्यावर केतकीला फोनवर तोच हिशोब समजावून सांगितला. केतकी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “आई, तू टेन्शन नको घेऊस. आम्ही आहोत ना.” तेव्हा हेमांगीला कळलं, की गणित बरोबर आहे याचा काही उपयोग नाही. अठ्ठ्याण्णव जण अंगणात उभे राहून ओरडले, तरी लोकांना ते अठरांपैकीच वाटणार.

आणि तसंच झालं. त्या दिवसापर्यंत घरात काही वाद झाला की शेवटचा शब्द हेमांगीचा असे. कुणाच्या लग्नात कोण आलं होतं, सासूबाईंना दवाखान्यात कुणी नेलं होतं, गच्चीची गळती कधी काढली, सगळं तिला लख्ख आठवायचं. नंदकिशोर चिडायचा, पण मानायचा. आता तो मानेनासा झाला. चिडेनासाही झाला, ते जास्त वाईट होतं. ती म्हणे, “अहो, आत्याबाईंकडे आपण दिवाळीच्या आधी गेलो होतो,” तर तो म्हणे, “असू दे असू दे.” ती ठासून बोलली, तर तो केतकीला हळूच सांगे, “आज जरा अस्वस्थ आहे.” ती गप्प बसली, तर, “आज जरा हरवल्यासारखी आहे.”

मेरूची सूचना मेरूतच राहिली नाही. त्या न वाचलेल्या अटींत ‘संबंधित सेवांना’ कळवण्याची मुभा होती. दुकानाचा विमा उतरवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं : यापुढे दुसरा फार्मासिस्ट नेमल्याशिवाय विमा चालू ठेवता येणार नाही. हेमांगी भांडली, तांबटांचा दाखला पाठवला. त्यांनी उत्तर दिलं, दाखला आजचा आहे, विमा उद्याचा असतो.

तरीही तिनं दुकान चालू ठेवलं. ते बंद झालं लोखंडेकाकूंमुळे. काकू तिच्या पहिल्या गिऱ्हाइकांतल्या. त्या दिवशी तिनं त्यांना नेहमीच्या गोळ्या दिल्या. काकू नेहमीसारख्या निघाल्या नाहीत. त्यांनी तिथंच पाकीट उघडलं, गोळ्यांची पट्टी डोळ्यांजवळ नेऊन नाव वाचलं, मग चिठ्ठीवरचं नाव वाचलं.

“ही बीपीचीच ना गं? नाही, आपलं विचारलं.”

“बीपीचीच आहे, काकू.”

“हो, हो. अगं, तुझ्यावर विश्वास आहेच.” आणि त्यांनी पुन्हा एकदा पट्टी वाचली.

हेमांगीनं त्याच आठवड्यात शटर ओढलं. नंदकिशोरनं पेढे आणले नाहीत एवढंच. “आता आराम कर,” म्हणाला. “किती वर्षं म्हणत होतो मी.” ते मात्र खरं होतं. किती वर्षं तो म्हणत होता, आणि किती वर्षं तिनं ऐकलं नव्हतं.



नवऱ्याबद्दलची शंका तिला स्वयंपाकघरात आली. एका सकाळी तो चालून येताना काकड्या घेऊन आला. आंघोळ करून पुन्हा बाहेर पडला आणि पुन्हा काकड्या घेऊन आला. “घरात काकडी नाही म्हणालीस ना,” म्हणाला. पहिल्या काकड्या ओट्यावरच होत्या. त्यानं त्या पाहिल्या, क्षणभर थबकला आणि म्हणाला, “तू पण आणल्यास होय? बघ, सांगत जा ना.”

मग तिचं लक्ष राहू लागलं. शेजारच्या गांगुर्ड्यांना त्यानं आपल्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारली. धरणाच्या कामावरचा एक किस्सा पाहुण्यांना सांगून झाल्यावर चहा येईपर्यंत तोच किस्सा पुन्हा सांगायला घेतला. पाहुणे सभ्य होते, दुसऱ्यांदाही हसले. एकदा ती वरून बघत होती, तर तो सोसायटीच्या फाटकात बराच वेळ नुसता उभा होता. कुणी ओळखीचं आत शिरेपर्यंत थांबला, आणि मग त्याच्या मागून चालत आला.

चष्मा हरवला, किल्ल्या हरवल्या, पासबुक फ्रिजमध्ये सापडलं. प्रत्येक वेळी तो म्हणे, “कुठे ठेवलंस?” घरात विसरणारं माणूस आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे हरवलेली प्रत्येक वस्तू आपोआप तिच्या नावावर चढत होती. तो लबाडी करत नव्हता, त्याला तसंच वाटत होतं. हेमांगीनं दुकानात अशी कितीतरी माणसं पाहिली होती. त्यांच्या बायका मुलं काउंटरवर वाकून हळू आवाजात काय काय सांगत, ते सगळं आता तिच्या घरात घडत होतं.

तिनं केतकीला फोन केला. तो चालायला गेल्याची वेळ साधून.

“केतकी, मला तुझ्या पप्पांची लक्षणं ठीक दिसत नाहीत.”

तिनं सगळं सांगितलं. काकड्या, फाटक, किस्सा.

“आई,” केतकी म्हणाली, “मला कळतंय तुला किती त्रास होतोय. पण मी वाचलंय गं. सोबतीच्या ॲपवर आहे. आपलं विसरणं जवळच्या माणसावर ढकलायचं, हे सुरुवातीचं लक्षण असतं. पप्पा तुझं एवढं करतात. त्यांना हे कळलं तर काय वाटेल?”

“मी तुझी आई आहे. तीस वर्षं लोकांना औषधं दिली मी.”

“म्हणून तर जास्त वाईट वाटतं ना गं,” केतकी म्हणाली, आणि रडायला लागली. हेमांगीलाच तिची समजूत काढावी लागली.



ज्या यंत्रानं तिला बुडवलं होतं, त्याच यंत्राला साक्षीला बोलवायचं तिनं ठरवलं. एका मधल्या वारी, दुपारची, “मेरूत जाऊ या, मला चादरी घ्यायच्यात,” असं म्हणून ती नवऱ्याला घेऊन गेली.

मॉल रिकामा होता. ती त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत राहिली. नुसतं नाही, बोलतं ठेवून. चालता चालता डोक्याला काम दिलं की ताल मोडतो हे तिला माहीत होतं. धरणाची पाणीपातळी विचारली, नातेवाइकांची नावं विचारली, केतकीच्या शाळेतल्या बाईंचं नाव विचारलं. त्याला बरीच नावं आठवली नाहीत. पण पावलं? पावलं घड्याळासारखी पडत राहिली, टक टक टक. तीस वर्षं पहाटे न चुकता केलेली कवायत होती ती. त्याच्या पायांनी ती आपल्यापुरती पाठ करून ठेवली होती. आत दिवे विझत होते, आणि बाहेरचा पहारेकरी तालात फेऱ्या घालत होता. यंत्राला फक्त पहारेकरी दिसत होता.

खांबावरचा पडदा उजळला. ‘अभिनंदन, नंदकिशोरजी! आपली चाल आपल्या वयापेक्षा नऊ वर्षांनी तरुण आहे.’

“बघितलंस?” तो लहान मुलासारखा खूश झाला.

त्याला बाकावर बसवून ती सोबती कक्षात गेली. शर्वरीनं तिला ओळखलं.

“मॅडम, एकट्याच आलात? सर कुठे आहेत?”

“यंत्राचं चुकतं का हो कधी?” हेमांगीनं थेट विचारलं.

“चुकू शकतं ना. फेरतपासणीची सोय आहे. तुमच्या पालकांनी अर्ज केला की लगेच करतो आम्ही.”

“माझे पालक म्हणजे माझे मिस्टर.”

“हो, मॅडम.”

“आणि त्यांचीच तपासणी व्हावी असं मला वाटत असेल तर?”

शर्वरीनं पडद्यावर काहीतरी पाहिलं. “सरांचं तर उत्तम आहे,” ती हसून म्हणाली. मग आवाज आणखी मऊ करत म्हणाली, “तुम्ही बसा ना. मी सरांना बोलावून घेते.”

“नको,” हेमांगी म्हणाली. “मी जाते.” दारापर्यंत गेल्यावर तिनं मागे वळून विचारलं, “घरात दोघंही आजारी निघाले तर काय करता?”

“तर मग घरी ठेवणं सुरक्षित नसतं, मॅडम. सोबती निवास आहे. छान आहे. ज्याच्या त्याच्या टप्प्याप्रमाणे वेगळे विभाग आहेत.”

“नवराबायकोलाही वेगळे?”

“टप्पा वेगळा असेल तर,” शर्वरी म्हणाली.

खाली नंदकिशोर बाकावर नव्हता. हेमांगी त्याला शोधत निघाली. तो कारंज्यापाशी उभा होता, दोन्ही हात कठड्यावर ठेवून, पाण्याकडे बघत.

“होतीस कुठे तू?” तो वैतागून म्हणाला. “कारंज्यापाशी थांब म्हटलं होतं ना तुला? आम्ही टीव्ही बघून येतो म्हटलं, वीस मिनिटांत. आणि तू गायब.”

हेमांगी त्याच्या जवळ गेली.

“तुम्ही कारंजं म्हणालात,” ती हळूच म्हणाली.

“मग? मी काय मराठीत नाही सांगितलं?” त्यानं इकडेतिकडे पाहिलं. “केतकी कुठाय? तुझ्याबरोबर होती ना?”

इतके महिने ती त्याला मनातल्या मनात खोटारडा म्हणत आली होती. भांडी घासताना, अंथरूण घालताना, त्याच्या ताटात वाढताना. मुद्दाम केलं यानं, माझं दुकान डोळ्यांत खुपत होतं याच्या, असं स्वतःला सांगत तिनं दिवस काढले होते. तो राग हाच तिचा टेकू होता. आता तोही गेला. हा माणूस खोटं बोललाच नव्हता. त्या दुपारी हरवला होता तो, आणि पकडली गेली होती ती.

“केतकी पुण्याला आहे,” ती म्हणाली. “चला, घरी जाऊ.”

“चादरी?”

“राहू द्या चादरी.”

गाडी कुठे लावली होती ते त्याला सांगता येईना. तिला आठवत होतं. ती पुढे झाली, तो मागून आला, ताठ, तालात.



पुढच्या महिन्यात केतकी यायची होती. आदल्या दिवशी तिनं पप्पांना फोन करून सांगितलं, की नाशिक रोड स्टेशनवर घ्यायला या, सामान खूप आहे. हेमांगी शेजारीच भाजी निवडत होती. तो “हो हो, येतो,” म्हणाला. तिनं दुसऱ्या दिवशी दुपारी आठवण करून दिली, तर तो खेकसला. “मला कळतं. तू तुझं बघ.” आणि किल्ली घेऊन गेलासुद्धा.

अडीच तासांनी तो परतला. हातात काकड्यांची पिशवी होती. तो खुर्चीत टेकला, आणि ती काही बोलायच्या आत दाराची बेल वाजली. केतकी दारात उभी होती. घामानं डबडबलेली, दोन्ही हातांत बॅगा, चेहरा लाल.

“पप्पा! तासभर उभी होते मी स्टेशनवर. फोन का नाही उचललात? रिक्षावाल्यांनी वेड लावलं. काल सांगितलं होतं ना तुम्हाला?”

नंदकिशोर खुर्चीतून उठला. त्यानं केतकीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. मग त्यानं हेमांगीकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. पाण्यात पाय घसरलेला माणूस काठावरच्याकडे बघतो, तसं. एका क्षणापुरतं त्याला कळलं होतं. स्वतःचं सगळं कळलं होतं.

केतकीही बघत होती. तिच्या कपाळावर एक आठी उमटली होती, नुकतीच, पहिलीच. हेमांगीला ती दिसली. हीच वेळ होती. आता एक वाक्य बोललं, एवढंच म्हटलं की ‘बघ, मी सांगत होते ना’, की केतकीनं ऐकलं असतं. उद्या तांबटांकडे नेलं असतं. तांबटांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं असतं, आणि त्याला ते काढता आलं नसतं. हेमांगी बरोबर ठरली असती. पण तिच्या नावावरची खूण काही पुसली गेली नसती. त्या खुणेशेजारी फक्त त्याचीही एक लागली असती. दोघं आजारी. टप्पे वेगळे, विभाग वेगळे. तिकडे कुणा परक्या बाईनं त्याला मऊ आवाजात हाक मारली असती, आणि या माणसानं दिवसभर फाटकात उभं राहून ओळखीचं कुणी आत शिरण्याची वाट पाहिली असती.

“अगं, माझंच चुकलं,” हेमांगी म्हणाली. “सकाळी तुझा फोन आला होता ना? मीच घेतला. तू काहीतरी म्हणालीस, मला वाटलं गाडी रद्द झाली. मीच यांना सांगितलं, जाऊ नका म्हणून.”

“मी सकाळी फोनच केला नव्हता, आई.”

“नव्हता केलास?” हेमांगीनं कपाळाला हात लावला. “मग काय झालं माझं कुणास ठाऊक.”

केतकीच्या कपाळावरची आठी गेली. तिथं दुसरं काहीतरी आलं, ओळखीचं, मायेचं. तिनं बॅगा खाली ठेवल्या आणि आईला जवळ घेतलं. “असू दे गं, असू दे,” म्हणाली. मग आईच्या खांद्यावरून वडिलांना म्हणाली, “सॉरी पप्पा. उगाच तुमच्यावर ओरडले.” तिनं फोन काढला, सोबतीचं ॲप उघडलं, आणि अंगठ्यानं काहीतरी लिहिलं. फोन किणकिणला. टप्पा पुढे सरकला असणार.

नंदकिशोर हळूहळू खुर्चीत बसला. त्याच्या चेहऱ्यावरची भीती ओसरत गेली. ओसरली, आणि तिची खूणसुद्धा मागे राहिली नाही.

“किती वेळा सांगितलंय तुला,” तो हेमांगीला म्हणाला, “फोन आला की माझ्याकडे देत जा. पोरगी उन्हात तासभर उभी राहिली. काही वाटतं का?”

“चुकलं माझं,” हेमांगी म्हणाली.

“लक्षात ठेव आता.”

“ठेवते,” ती म्हणाली, आणि केतकीसाठी पाणी आणायला आत गेली.